टाकीत रॅस कुठला?



पुलाउ उबीनला चेक जावाच्या बोर्डवॉकवरून पाणगवतातले मासे दिसले, की लेकीचं सुरू: एक घरी नेऊ! तिथलं काही उचलायचं नाही. २००१ साली भराव लांबणीवर पडला म्हणून तर तो किनारा उरलाय.

मग दुकानातून रॅस आणायचं ठरलं. तिला सिक्स-लाइन आवडलाय. दिसायला देखणा, जेमतेम बोटभर. पण एकदा रुळला की भित्र्या माशांना सळो की पळो करतो. आणि आमचा फायरफिश म्हणजे पुणेरी वाड्यातला जुना भिडस्त भाडेकरू, जरा खुट्ट झालं की कपारीत. त्याला या वयात कुठे हलवू? म्हणून माझं मत फ्लॅशर रॅसला. स्वभावाने गरीब, नर पंख फुलवून मिरवतो. उड्या मात्र दोघेही मारतात, पण जाळीचं झाकण आहेच. लेक अजून फुरंगटलेली आहे. शनिवारी दुकानात जायचंय.