वाट्समानच्या खांद्यावर

क्योनिगझेला आपल्यापैकी बहुतेक मंडळी जाऊन आलेली असतात. भारतातून पाहुणे आले की नॉयश्वानस्टाईनचा राजवाडा आणि क्योनिगझेची बोट, या दोन गोष्टी चुकत नाहीत. विजेवर चालणाऱ्या या बोटी १९०९ सालापासून आहेत. मधेच बोट थांबते, नावाडी ट्रम्पेट वाजवतो, कड्यावरून प्रतिध्वनी येतो आणि मग टोपी फिरते! पुढे लाल घुमटांचं सांक्ट बार्थोलोमे. तिथे उतरून आपण ठेपले खातो, फोटो काढतो आणि परततो.

त्या चर्चमागे जी भिंत सरळ आभाळात गेलेली दिसते, ती वाट्समानची पूर्व भिंत. उंची सुमारे १८०० मीटर. आजवर शंभराहून जास्त गिर्यारोहकांनी तिथे जीव गमावला आहे. आम्ही त्या भिंतीच्या वाटेला गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. अंक भारतातही जातो आणि माझी आई तो चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचते. आम्ही गेलो मागच्या अंगाने, रामझाउच्या बाजूने, साध्या पायवाटेने. ती 'साधी' वाटसुद्धा विम्बाखब्रुकेच्या थांब्यापासून वर होखएक शिखरापर्यंत तब्बल २००० मीटर चढते.

वाट्समानची एक दंतकथा आहे. वाट्समान नावाचा क्रूर राजा बायकोपोरांसह शिकारीला निघाला आणि त्याने एका गरीब शेतकऱ्याचं कुटुंब घोड्यांखाली तुडवलं. शाप लागून सगळं राजघराणं दगड झालं. मोठं शिखर राजा, धाकटं राणी, मधली सुळकी पोरं. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "मग आपल्या माहुलीला नवरा, नवरी आणि भटोबा आहेतच की. इथे भटजी सुटला वाटतं."

तर २०१८ च्या ऑगस्टअखेरची ही गोष्ट. आम्ही दोघं, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अण्णा. अण्णांचं वय तेव्हा अडुसष्ट. सगळी नोकरी अकोले तालुक्यात मास्तरकीत गेली, त्यामुळे नवरात्रात कळसूबाई ठरलेली. नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले होते आणि बाल्कनीत बसून कंटाळले होते. मी तर उन्हाळाभर दहा किलो तांदळाची पिशवी पाठीवर घेऊन चौथ्या मजल्याचे जिने चढत होते. शेजारच्या आजीबाई रोज विचारायच्या, लिफ्ट बंद आहे का?

पहिल्या दिवशी पाच तास चढून वाट्समानहाउसला पोहोचलो. हे घर १८८८ सालचं, उंची १९३० मीटर. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, म्हणजे झोपायलाच आम्ही महाराष्ट्राच्या माथ्याहून वर होतो! अण्णांनी ही वजाबाकी तोंडी केली आणि चहा मागवला. या घराचा पहिला राखणदार योहान ग्रिल, ऊर्फ केडरबाखर. १८८१ साली ओटो श्युक याच्यासोबत पूर्व भिंत प्रथम चढला तो हाच. घराची शिस्त कडक. बूट खाली ठेवायचे, झोपायची चादरीची खोळ आपली आपण आणायची, रात्री दहाला दिवे बंद. वहीत नाव लिहायचं आणि उद्या कुठे जाणार तेही लिहायचं, म्हणजे परत आला नाहीत तर शोधायचं कुठे ते कळतं. रात्री दहानंतर मात्र घोरण्यावर कुठलाही जर्मन नियम चालत नाही.

पहाटे साडेतीनला निघालो. लोक समजतात सूर्योदयासाठी. सूर्योदय मिळतो, पण खरं कारण दुपारचं आहे. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारी ढग जमून विजा पडतात आणि वरच्या धारेवर हाताशी असतो लोखंडी दोर. दुपारच्या आत सगळ्यांनी धारेवरून खाली यायचं, असं घरच्या बाईंनी आदल्या रात्रीच बजावलं होतं.

काळोखात कपाळावरच्या दिव्यापुरतंच जग. आपला सह्याद्रीचा दगड काळा, हा चुनखडीचा पांढरा, त्यामुळे उजेडात वाट बरी दिसते. दगडावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. पण पायाखाली खडी सरकते आणि वारा कानातून आरपार जातो. वर आणखी चार-पाच दिवे हळूहळू सरकत होते, एवढीच सोबत.

खांद्यापाशी, जिथे तारेचा दोर सुरू होतो तिथे, अण्णा एका दगडावर टेकले. म्हणाले, "मी इथवर."

मुलगा म्हणाला, "आजोबा, आता फक्त तास राहिलाय!"

"तास वर जायचा. खाली उतरायचा हिशोब कोणी केलाय?"

पोराचा चेहरा अंधारातही दिसला. काळोखात, वाऱ्यात त्यांना एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. हे म्हणाले, "मी थांबतो." पण पुढच्या दोरावर मुलाला सांभाळणं माझ्यापेक्षा त्यांना जास्त जमलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही दोघं जा." मला वर जायचं नव्हतं असं नाही. तांदळाची पिशवी आठवत होती. दहा मिनिटं मी अण्णांशी बोलले नाही आणि त्यांनीही बोलायला लावलं नाही.

मग थर्मासमधला चहा काढला. अण्णा म्हणाले, "गुडघा कालपासूनच दुखतोय. सहलीला न्यायचो तेव्हा पोरांना सांगायचो, दुखलं तर वर असतानाच सांगा, खाली आल्यावर नको. मग आज मीच कसा गप्प बसू?"

उजाडलं ते आधी समोर, पश्चिमेला. विम्बाख दरीपलीकडच्या होखकाल्टरचं डोकं तांबूस झालं आणि तो रंग कडा उतरत खाली आला. आमच्या पाठीमागे ऊन नंतर आलं. उत्तरेला बेर्खटेसगाडेन धुक्यात बुडालेलं. मी अण्णांना पलीकडच्या श्टाइनर्नेस मेअरबद्दल सांगितलं. नावाचा अर्थच दगडी समुद्र. ऑस्ट्रियातल्या मारिया आल्म गावाहून यात्रेकरू पहाटेच निघून तो ओलांडतात आणि सांक्ट बार्थोलोमेला उतरतात. ही प्रथा १६३५ पासूनची, दर ऑगस्टच्या अखेरीला.

"म्हणजे वारीच," अण्णा म्हणाले, आणि ते लोक वाटेत जेवतात कुठे याची चौकशी केली.

बापलेक साडेआठला परत आले. होखएकवर, २६५१ मीटरवर, क्रूस आणि छोटीशी लाकडी आसरा-खोली आहे. तिथून पुढे धार २७१३ मीटरच्या मिटेलश्पिट्झेकडे जाते. हेल्मेट-दोरवाले लोक निघाले तसा आमचा हिरोही निघू पाहत होता. ह्यांनी नाही म्हटलं, आणि तो तासभर रुसला. उतरताना मात्र आजोबांच्या पुढे राहून एकेक दगड बुटाने हलवून बघत होता.

दोन वाजता झाडीत पोहोचलो आणि वर गडगडायला लागलं.

जायचं असेल तर घर उघडं आहे का ते आधी विचारा. हिवाळ्यात ते बंद असतं. जागा फार आधी राखावी लागते. अण्णांसाठी काठ्या दोन घ्या, एक पुरत नाही.