तीनशेचं बिल, शंभरचं पोर्ट



आज राजकारण नाही, रस्त्यातले खड्डे नाहीत. टीव्हीच्या मागे धूळ खात, रात्रंदिवस दिवे लुकलुकवत बसलेल्या राऊटरबद्दल लिहितोय. विषय तांत्रिक वाटेल, पण शेवटी खिशाचाच आहे. म्हणून पूर्ण वाचा.

गावात फायबर आलं तेव्हापासून एक तक्रार सारखी कानावर येते. "प्लॅन वाढवला, बिल वाढलं, पण स्पीड होता तिथंच." नुसतं ऐकून बातमी होत नाही. म्हणून गेल्या दोन महिन्यांत लॅपटॉप आणि एक चांगली वायर पिशवीत टाकून पाच ठिकाणी जाऊन मोजलं. दोन घरं, एक फोटो स्टुडिओ, एक झेरॉक्सचं दुकान आणि बसस्थानकामागची एक अभ्यासिका. प्लॅन कुठं १५०, कुठं २००, अभ्यासिकेत तर ३०० एमबीपीएसचा. राऊटरला वायर लावून मोजलं तर पाचपैकी चार ठिकाणी आकडा एकच. ९४. फार तर ९५. सकाळी मोजा, रात्री मोजा, शंभरी काही गाठेना.

इथंच पाणी मुरतंय हे कळलं. कारण लाइनवर गर्दी असेल तर आकडा हलतो. रात्री नऊला ४०, पहाटे १८० असं काहीतरी दिसतं. पण आकडा चोवीस तास ९४ वर खिळून राहिला, तर बहुतेक वेळा दोष लाइनचा नसतो. वायर जिथं खोचतो त्या भोकाचा असतो. त्यालाच पोर्ट म्हणतात.

थोडं समजून घेऊ. स्वस्त राऊटरची पोर्टं १०० एमबीपीएसची असतात. त्यातला थोडा वाटा माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि हिशोब लिहिण्यात जातो. राहतात ते ९४-९५. हे १०० चं तंत्र १९९५ सालचं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. साध्या तांब्याच्या वायरवर दहापट वेगानं, म्हणजे १००० नं चालणाऱ्या गिगाबिट पोर्टचं मानकही १९९९ मध्येच आलं. पंचवीस वर्षं उलटून गेली. तरी आज नवीन जोडणीबरोबर हातात पडणारा 'फुकट' राऊटर कित्येकदा ते जुनंच पोर्ट घेऊन येतो. नगरपरिषदेनं सहा इंची लाइन टाकली म्हणून काय झालं, घरातली तोटी अर्ध्या इंचाचीच असली तर बादली त्याच वेगानं भरणार.

आता अभ्यासिकेचं सांगतो, कारण तिथं ही गोष्ट नुसती गैरसोयीची राहत नाही.

अभ्यासिका चालवणारे निवृत्त शिक्षक आहेत. बत्तीस मुलं-मुली बसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी तलाठी, कुणी एमपीएससी. बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, शेतकऱ्यांची पोरं. संध्याकाळी सगळे व्हिडिओवरचे तास लावले की चित्र अडकायचं. सरांनी तक्रार केली तर उत्तर मिळालं, "तुमच्याकडे मुलं जास्त आहेत, मोठा प्लॅन घ्या." १०० चा २०० केला. तरी अडकलं. मग ३०० केला. त्याला चौदा महिने झाले. नेटचा खर्च वाढला म्हणून मुलांची फी महिना पन्नास रुपयांनी वाढली.

तिथं मी लॅपटॉप राऊटरऐवजी थेट फायबरच्या डबीला जोडला, लॉगिन टाकलं. आकडा आला २८७. परत राऊटरमधून मोजलं, ९४. म्हणजे तीनशे भिंतीपर्यंत येत होते आणि टेबलावर पोचेपर्यंत दोनशे गायब. राऊटरकडे येणारं पोर्टच १०० चं, त्यामुळे वायफायवर बसलेल्या सगळ्या मुलांनी मिळून वाटून घ्यायचे तेही तेवढेच.

जोडणीवाल्या पोराला बोलावलं. आमचं बोलणं असं झालं.

"दादा, आम्ही तीनशेच सोडतो. मशीनवर बघा."

"सोडता, मान्य. पण पोचतं किती?"

"ते तुमच्या राऊटरचं आहे."

"राऊटर कुणी दिला?"

पोरगं गप्प. मग हळूच म्हणालं, "वरून जो येतो तोच आम्ही लावतो."

त्या पोरावर माझा राग नाही. उन्हातान्हात खांबावर चढून वायर ओढणारा तो. त्याला जे दिलं ते तो बसवतो. प्रश्न वरच्यांना आहे. १०० च्या पोर्टाचा राऊटर तुम्हीच दिलात, मग त्याच ग्राहकाला ३०० चा प्लॅन विकताना एक वाक्य का सांगत नाही? "हा राऊटर एवढं पेलणार नाही" एवढंच.

हिशोब करा. १०० चा प्लॅन ६९९, ३०० चा १४९९. फरक ८००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९४४. चौदा महिन्यांचे होतात १३,२१६ रुपये. न मिळालेल्या वेगाचे! आणि गिगाबिट पोर्टाचा नवीन राऊटर सरांना पडला अडीच हजारांच्या आत. आता वायरवर २८० च्या वर आकडा येतो आणि संध्याकाळचे तास न अडकता चालतात.

पण लगेच राऊटर घ्यायला धावू नका. आधी ही तपासणी करा.

१. राऊटर उलटा करून मॉडेल नंबर बघा, तो नेटवर शोधा. पोर्टापुढे १०/१०० लिहिलं असेल तर जुनं, १०/१००/१००० असेल तर गिगाबिट. काही डब्यांवर एफई आणि जीई अशी अक्षरं असतात. एफई म्हणजे १००, जीई म्हणजे १०००.

२. लॅपटॉप वायरनं जोडा. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' दिसतो. १००/१०० दिसला तर राऊटर, वायर आणि लॅपटॉप या तिघांपैकी कुणीतरी अडवतंय.

३. वायर बघा. आत आठ तारा असतात. १०० ला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. जॅक मारताना चारच तारा घेतल्या, किंवा एखादी उंदरानं कुरतडली, तर महागातला राऊटरसुद्धा शंभरावर येतो. स्टुडिओत नेमकं हेच निघालं. नवा जॅक मारला, काम झालं.

४. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. '१२००' लिहिलेल्या कित्येक राऊटरची पोर्टं १०० चीच असतात. तो आकडा वायफायच्या दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते. टीव्हीचंही तसंच. भल्या महागड्या टीव्हींना १०० चं पोर्ट असतं.

आणि एक खरं सांगू? चार माणसांच्या घराला १०० एमबीपीएस पुष्कळ झाले. फोर-के चित्रपटाला १५ ते २५ पुरतात, व्हिडिओ कॉलला तीन-चार. त्यामुळे पोर्ट १०० चं निघालं आणि घरात काही अडत नसेल, तर राऊटर बदलण्यापेक्षा प्लॅन खाली आणा. झेरॉक्सच्या दुकानवाल्यानं तेच केलं. त्याचं काम तसंच चाललंय, बिल तेवढं उतरलं.

काही जण म्हणतील, दोन-चारशे रुपयांसाठी एवढं काय. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा आणि सेवेचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा आपला हक्क म्हणून लिहिलाय. पेट्रोल पंपावर मापात शंभर मिली कमी पडलं तर आपण मीटरकडे बोट दाखवून भांडतो. इथं मापच आपल्याला दिसत नाही, म्हणून भांडण होत नाही.

तक्रार कुठं करायची तेही सांगतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तोंडी बोलू नका, स्पीड टेस्टचे फोटो तारीख-वेळेसह जपून ठेवा.

नवीन जोडणी घेणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारायचा. "राऊटरचं पोर्ट कितीचं?" उत्तर पावतीवर लिहून मागा. शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय यांच्यासाठी खरेदी करणाऱ्यांनी तर मागणीपत्रातच 'गिगाबिट पोर्ट' लिहावं. पैसा लोकांचा आहे.

ज्यांचा प्लॅन १०० च्या वरचा आहे त्यांनी वायर लावून मोजा. प्लॅन किती, आकडा किती आणि राऊटर कुणी दिला, एवढंच खाली लिहा. कंपनीचं नाव, फोन नंबर टाकू नका. यादी झाली की पुढच्या सोमवारी ती घेऊन मी जोडणीवाल्यांच्या कार्यालयात जाणार आहे. ते जे उत्तर देतील ते जसंच्या तसं इथं मांडीन.