काचेमागचे आबा

आमच्या घरात आजोबांची एकच तसबीर आहे आणि ती काचेला चिकटलेली आहे. चिकटलेली म्हणजे कागद, त्यावरचे चित्र आणि काच यांचा आता एकच जीव झाला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे झाले. आमचे गाव प्रयाग चिखली. भोगावती आणि कासारी आमच्याच शिवाराजवळ एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. माणसांना बोटीतून बाहेर काढले, तसबिरी भिंतीवरच राहिल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा कॅलेंडरातून कापून लावलेल्या देवांचा रंगीत लगदा झाला होता. आबांची तसबीर तेवढी टिकली, कारण तिची चौकट सागवानी आणि मागची फळी घट्ट. तरी ओल आत शिरलीच.

जुने कृष्णधवल फोटो नुसत्या कागदावर नसतात, हे मला त्यानंतर कळले. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. चित्र म्हणजे हे कण. जिलेटिन जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात. ओल लागली की ते फुगते, चिकट होते आणि काचेला टेकलेल्या स्थितीत वाळले की काचेचेच होऊन बसते. मग फोटो ओढला तर हातात कोरा कागद येतो आणि माणूस काचेवर राहतो. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी तसबीर असेल तर ती कृपा करून ओढू नये. शहरातल्या एका फोटोच्या दुकानात आमच्या तसबिरीचा कोपरा असाच उचकटून पाहिला गेला. आबांच्या खुर्चीचा एक पाय त्यात गेला.

२०२१ साली पुन्हा पूर आला. त्यानंतर तसबिरीच्या खालच्या कडेने तपकिरी बुरशी चढू लागली. आधी धोतराचा काठ गेला, मग गुडघे. मागच्या उन्हाळ्यात ती सदऱ्याच्या शेवटच्या बटणापर्यंत आली होती. पुढच्या पावसाळ्याआधी काचेवरूनच या फोटोचा फोटो काढून ठेवणे, एवढाच मार्ग उरला.

हे काम किती अवघड असेल? हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. घरातल्या, भावकीतल्या जवळजवळ सगळ्यांनी हात चालवून पाहिला. आमचा सोपा अंधारा, त्यामुळे प्रत्येकाच्या मोबाइलचा फ्लॅश पेटायचा आणि प्रत्येक फोटोत आबांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा यायचा. फेटा आहे, खांदे आहेत, मध्ये सूर्य. आजी म्हणायची, "ह्यांनी त्वांड दाखवायचं न्हाई असं ठरवलंय जणू."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. पण शाळेत पाठ केलेला एक नियम इथे उभा राहिला: प्रकाश ज्या कोनात आरशावर पडतो त्याच कोनात परत फिरतो. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो. आपण तसबिरीच्या बरोबर समोर उभे राहिलो की तो उजेड सरळ जातो आणि सरळ भिंगातच परत येतो. आपण फोटो काढतो तो फ्लॅशचाच.

आता काच तर आरसा नव्हे. तिच्या एका पृष्ठावरून समोरून आलेल्या प्रकाशाचा शंभरातला चारच भाग परत फिरतो. बाकीचा आत जातो. मग हे चार भाग बाकीच्यांना कसे पुरून उरतात, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. उत्तर असे आहे. आत गेलेला प्रकाश कागदावर पडून चहूकडे विखुरतो. जत्रा फुटल्यावर माणसे दाही दिशांना जावीत तसा. त्यातला अगदी थोडा आपल्या भिंगाच्या वाटेला येतो. काचेवरून फिरलेले चार भाग मात्र न विखुरता, एका रांगेत, थेट भिंगावर येतात. काचेपुढे फ्लॅश हरतो तो उजेड कमी पडून नव्हे, वाट चुकीची निवडल्यामुळे.

कोल्हापूरकरांना उजेडाच्या वाटेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव दुसरे काय आहे? नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि चरणांपासून मुखाकडे चढतात. सूर्य रोजचाच, कोन तेवढा त्या दिवसांपुरता जुळतो. वाटेत इमारतीचा कोपरा किंवा ढग आला तर किरण अलीकडेच थांबतात.

आणि हे शहर तर कॅमेऱ्याचे. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी आपले बंधू आनंदराव यांच्यासह इथेच कॅमेरा जुळवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्याआधी इथल्या चित्रपटाचा कारभार उन्हावर चाले. जर्मनीत १८८७ च्या सुमारास मॅग्नेशियमच्या पुडीचा भपका उडवून फोटो काढण्याची युक्ती निघाली होती, पण भपका क्षणाचा. चलच्चित्राला तो काय पुरणार? दिवा कुठे ठेवायचा हे ज्याला कळते तोच छायाचित्रकार, हे या गावाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते असे मला वाटते.

आमच्या ओळखीचे एक वयस्क फोटोग्राफर आहेत. लग्नाचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्याकडे मी तसबिरीची हकिकत घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी मला माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघायला सांगितले. "हात फिरव. ठिपका जातोय का बघ." मी हात फिरवला. बांगडीवरचा चमकता ठिपका सरकला, पण गेला नाही. "जाणार नाही," ते म्हणाले. "सपाट काच जरा तिरकी केली की चमक बाजूला निघून जाते. गोल काचेला सगळीकडेच तोंड असतं. कुठून का उजेड येईना, तिचा एखादा भाग त्याला बरोबर तुमच्याकडे पाठवतोच."

म्हणजे बाटली, तांब्याएवढा काचेचा पेला, बांगडी यांच्यावरचा ठिपका टाळता येत नाही. फार तर बदलता येतो. फ्लॅशपुढे पांढरे कापड धरले तर टोचणाऱ्या ठिपक्याची मऊ, रुंद पट्टी होते. मागे उजळ पांढरा पडदा धरला तर काचेच्या कडा काळ्या रेघेने उमटतात. मागे काळे धरून उजेड बाजूने सोडला तर त्याच कडा पांढऱ्या होतात. आणि चमक पार घालवली तर? "मग प्लॅस्टिक दिसतं," काका म्हणाले. नवरीच्या हिरव्या चुड्याच्या फोटोत एकेका बांगडीवर एकेक ठिपका लागतोच, नाही तर गिऱ्हाईक नाराज. मला हे फार पटले. काच स्वतः दिसत नाही, तिच्यावरची चमक दिसते. तेव्हा आपल्याला काच हवी आहे की काचेमागचे, हे आधी ठरवायचे. आम्हांला काच नको होती, आबा हवे होते.

मे महिन्यातल्या एका रविवारी काका चिखलीला आले. तसबीर खाली उतरवून सोप्यात भिंतीला टेकवून ठेवली. पुढचे दार लावून घेतले. कॅमेरा तसबिरीच्या बरोबर समोर, पण फ्लॅश त्यावरून काढून बाजूला, माझ्या हातात. तो कॅमेऱ्याशी बिनतारी जोडलेला होता. मी अशा कोनात उभी राहिले की उजेड काचेवरून फिरून समोरच्या कोनाड्याकडे निघून जावा. पहिल्या फोटोत गोळा गेला, पण नवे दुखणे आले: चौकटीच्या जाड पट्टीची सावली आबांच्या कानावर पडली. म्हणून दुसऱ्या बाजूला आईने पांढरी चादर ताणून धरली. तिच्यावरून परतलेल्या उजेडाने सावली भरून काढली. फार बाजूने उजेड टाकला तर कागदाची प्रत्येक सुरकुती डोंगरासारखी उठून दिसे, म्हणून तिरकेपणा साधारण ४५ अंशांवर आणला. काकांच्या पिशवीत पोलरायझर नावाचा फिल्टरही होता. काचेकडे सुमारे ५६ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिले तर तो चमक जवळजवळ पुसून टाकतो; समोरून बघताना मात्र तिच्यावर त्याची काही मात्रा चालत नाही. तो पिशवीतच राहिला.

एवढे करूनही काचेत काहीतरी फिकट दिसतच होते. पाहतो तो खुद्द काका आणि त्यांचा पांढरा सदरा! बाजूचा उजेड त्यांच्यावरही पडत होता. तेव्हा आजीने आतून आबांचे घोंगडे आणले. काळेभोर, पण कसरीने खाल्लेले. ते काकांच्या पुढे धरले आणि कसरीच्या एका भोकातून भिंग बाहेर काढले. काळ्या घोंगड्याला परत पाठवायला प्रकाशच नव्हता. काच नाहीशी झाली.

फोटो संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा एक गोष्ट दिसली, ती कुणाच्याच ध्यानी आली नव्हती. आबांचा चेहरा मधोमध विभागला आहे. उजवा अर्धा भाग काचेला चिकटलेला, डावा सुटा. आणि जिथे पाण्याने चिकटवले आहे तिथेच चित्र अधिक गडद, अधिक स्वच्छ आहे! कारण तिथे काच आणि कागद यांच्यामध्ये हवा उरलेली नाही. म्हणून काचेच्या मागच्या पृष्ठावरून फिरणारा प्रकाशही तिथे उरलेला नाही. सुट्या भागावर ती फिकट साय अजून आहे. त्या गडद बाजूच्या डोळ्यात दोन बारीक पांढरे ठिपके आहेत. १९७४ च्या दसऱ्याला आबा कोल्हापुरात आले असताना स्टुडिओत हा फोटो काढला. तिथल्या दोन दिव्यांचे ते ठिपके. बुबुळही बांगडीसारखे गोलच. दिवे कुठे होते तेसुद्धा त्यावरून सांगता येते: एक डोक्याच्या वर, एक डावीकडे जरा खाली. काका म्हणाले, हे ठिपके मुद्दाम राखतात; नाही तर डोळा विझलेला दिसतो.

आजीच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. ती पडद्याला नाक लावून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "ह्या बाजूचा डोळा बघ की. कसा जित्ता हाय." नवऱ्याचे नाव तिने आजवर घेतलेले नाही, त्या दिवशीही घेतले नाही.

नवी प्रत छापून आणली. खुर्चीचा पाय आणि गुडघ्याखालचा भाग परत येणे शक्य नव्हते, तो तसाच ठेवला. खोटा काढून घेतला नाही. नव्या चौकटीला काच घालावी की नाही यावर घरात वाद झाला. आजी म्हणाली, धूळ बसते, काच पाहिजेच. मी चौकटवाल्याला आतून चारही कडांना जाड पुठ्ठ्याची पट्टी लावायला सांगितली, म्हणजे फोटो काचेला टेकणार नाही, मध्ये हवा राहील. असले काम कुणी सांगत नाही म्हणून तो कुरकुरला आणि वीस रुपये जादा घेतले.