कॉलर पांढरी, कॉलर निळी

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या घरात भांडण झाले. मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला होता. शेजारीपाजारी पेढे वाटून झाले आणि तो म्हणाला, "पप्पा, मी आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरतो. पुढे देवगाव फाट्यावर मोटार वायंडिंगचं दुकान टाकीन." माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. मी बोलून गेलो, "आपल्या घरात व्हाइट कॉलर पहिल्यांदा आली ती माझ्या गळ्यात. आणि तू ती उतरवायला निघालास?"

तो शांतपणे म्हणाला, "पण पप्पा, तुम्ही नेहमी म्हणता ते व्हाइट कॉलर म्हणजे नेमकं काय?"

वाचकहो, वीस वर्षे कारकुनी केली, समाजाच्या बैठकांतून हा शब्द कितीतरी वेळा वापरला, पण पोराला सरळ उत्तर देता येईना. "टेबलावरची नोकरी," एवढेच म्हणालो आणि उठलो. नंतर काही दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अर्थ तसा सोपा आहे. खुर्चीत बसून लेखणीने काम करणाऱ्याचा शर्ट मळत नाही, म्हणून तो पांढरा घालू शकतो. अंगमेहनत करणाऱ्याच्या जाड निळ्या कपड्यावर ग्रीस आणि धूळ लवकर दिसत नाही, म्हणून तो ब्लू कॉलर. नर्स, टायपिस्ट अशी बायकांच्या वाट्याला दिलेली कमी पगाराची कामे ती पिंक कॉलर. १९३९ साली एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 'व्हाइट कॉलर गुन्हा' असा शब्द वापरला. म्हणजे प्रतिष्ठित माणसाने आपल्या धंद्याच्या आडून केलेली चोरी. निराधारांच्या पगारासाठी म्हाताऱ्या बायांना घेऊन मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो, तेव्हा हा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मराठीनेही कॉलर आपलीशी केली. निवडून आलेल्याची कॉलर टाइट होते, भांडणात कॉलर धरली जाते. पण व्हाइट कॉलरसाठी आपल्याकडे आधीपासूनच एक शब्द होता, पांढरपेशा. बी.कॉम.ला असताना मला वाटायचे की तो इंग्रजीवरून बेतलेला असावा. तसे नाही. व्हाइट कॉलर हा शब्द विसाव्या शतकात रूढ झाला. पांढरपेशे मात्र ठाणे-कुलाबा भागाच्या इंग्रज काळातल्या जुन्या गॅझेटियरांत सापडतात. तिथे पांढरपेशा म्हणजे गावातला वरच्या जातीचा माणूस. त्याच्या जमिनीला कुणब्यापेक्षा कमी सारा! कारण काय, तर तो स्वतः नांगर धरत नाही, मजूर लावतो. जो राबतो त्याने जास्त भरायचे आणि जो राबत नाही त्याला सूट. मी हिशेबाचा माणूस, पण हा हिशेब काही मला जुळवता आला नाही.

मग आपल्या माणसांना पांढऱ्या कपड्याची एवढी ओढ का, असे कुणी विचारील. ज्यांना मनुस्मृतीने प्रेताच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली, त्यांनाच ती ओढ कळेल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावरचे जडशीळ दागिने सोडा, कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. माझ्या मायने महाड कधी पाहिले नाही. पण माझा शाळेचा एकुलता एक सदरा ती रोज रात्री धुवायची आणि शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. नीळ कमी पडली तर सदरा पिवळट दिसतो आणि जास्त झाली तर डाग पडतात. तिचा हात कधी चुकला नाही. कॉलर झिजली की फाट्यावरचा शिंपी ती उसवून उलटी करून शिवून द्यायचा. एका सदऱ्याला अशी दोन आयुष्ये मिळायची.

माझी कॉलर पांढरी राहिली ती अशी दुसऱ्याच्या हातांनी. साहेबांच्या देशातही वेगळे नव्हते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. १८२७ च्या सुमारास तिथल्या हॅना माँटेग्यू या बाईने म्हणे नवऱ्याच्या शर्टाची कॉलरच तेवढी कापून वेगळी केली, कारण मळायची तीच. शर्ट तोच आणि कॉलर रोज नवी! पुढे त्या गावात सुट्या कॉलरींचे कारखाने निघाले. त्या धुऊन, कांजी करून, इस्त्री करणाऱ्या बाया वाफेत आणि आगीजवळ बारा-बारा तास उभ्या असत. १८६४ साली केट मुलॅनी या तरुण आयरिश मुलीने त्यांची युनियन उभारली. सुमारे तीनशे बायांनी संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. बाबूंच्या कॉलरी पांढऱ्या ठेवणाऱ्या त्या बायांना व्हाइट कॉलर कुणी म्हटले नाही.

आपल्याकडे तर कापड विणण्यातही वाटणी होती. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे विणखाते आपल्या माणसांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला.

आता जे सांगतो ते आजवर घरात कुणाला सांगितलेले नाही. नोकरी लागून वर्ष झाले असेल. माझे वडील सेलूला एका जिनिंगवर हमाली करायचे. एकदा दुपारी ते माझा राहिलेला डबा द्यायला ऑफिसात आले. डोक्यावर, भुवयांवर, सदऱ्यावर कापसाचे तंतू. साहेबांनी विचारले, "कोण हो हे?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत." वडील डबा टेबलावर ठेवून निघून गेले. रात्री जेवताना मी खाली मान घालून बसलो होतो. ते म्हणाले, "गावाकडचाच हाय की मी. तू काय खोटं बोललास?" पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दोन वर्षांनी ते गेले.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलचे दुःख बोलून दाखवले. हे शिकून समाजाची सेवा करतील असे वाटले होते, पण पोट भरणाऱ्या कारकुनांची गर्दीच तेवढी दिसते, अशी ती खंत होती. हे मी भाषणांतून अनेकदा सांगितले आहे. सांगताना बोट नेहमी समोरच्यांकडे असायचे.

मुलाच्या फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते. मी त्याला फाट्यावर चहाला नेले. समोर वायंडिंगच्या दुकानात एक पोरगा जळालेल्या मोटारीतून तांब्याची तार उसवत होता. बाहेर दोन शेतकरी ताटकळत बसले होते. बहुधा कापसाला पाणी द्यायचे खोळंबले असावे. मुलगा म्हणाला, "पप्पा, हा एक दिवस नाही आला तर दहा मळे बंद राहतात. तुमचं ऑफिस एक दिवस बंद राहिलं तर?" मला हसू आले. रागही आला, पण हसू जास्त. माझ्याकडे फॉर्म देत तो पुढे म्हणाला, "आणि निळा रंग आपल्याला कधीपासून कमीपणाचा झाला?"

मी तिथेच सही केली.

प्रवेश झाल्यावर आम्ही दोघे कामाची डांगरी आणायला गेलो. हा शब्द कुठला म्हणून मी मागे शोधले होते. मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजांनी तो उचलला, असे शब्दकोश सांगतात. घरी आल्यावर त्याने ती घालून दाखवली. बाह्या थोड्या लांब होत्या. त्याच्या आईने कॉलर हातात धरून शिवण पाहिली, कापड चोळून पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं. याला तरी नीळ घालावी लागणार नाही."