आजीची लादीन

२०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मी नागासाकीला गेलो. विद्यार्थी-विनिमय योजनेतून तिथल्या एका विद्यापीठात एक वर्ष शिकण्याची संधी मला मिळाली होती. शिक्षणशुल्क माफ होते. राहण्याजेवण्याचा आणि विमानाचा खर्च मात्र आमचा आम्हांला करायचा होता. त्यासाठी आईने आपल्या पाटल्या मोडल्या, हे मला पुष्कळ उशिरा कळले. निघण्याच्या आदल्या रात्री आजीने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन मेणबत्त्या माझ्या हाती दिल्या. "तिथं आपला गोन्सालो आहे ना, त्याच्यापाशी लाव," ती म्हणाली. वसईत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हे तिच्या लेखी परगावी राहणारे कुणी नातेवाईकच होते. मी निमूटपणे मेणबत्त्या बॅगेत घातल्या. माझ्या मनात तेव्हा कांजीची अक्षरे होती. जपानी माणसाला नित्याच्या वापरात २१३६ कांजी यावी लागतात. मला जेमतेम तीनशे येत होती.

पहिले दोन महिने कसे गेले ते सांगण्यासारखे नाही. चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवा, कचरा वेगवेगळा करून ठरलेल्या वारीच ठेवा, परवानगीशिवाय नोकरी करू नका आणि परवानगी मिळाली तरी आठवड्याला २८ तासांहून अधिक नको. संध्याकाळी एका खानावळीत मी भांडी घासत असे. नागासाकी हे चढउतारांचे गाव. वसतिगृह चढावर, खानावळ उतारावर. त्यामुळे दमलेल्या पायांनी परतताना नेहमी चढच वाट्याला येई. वर्गात मी मुका होतो. मुंबईच्या महाविद्यालयात वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेला मी, तिथे एखादे वाक्य मनात जुळवून तोंड उघडीपर्यंत चर्चा दोन विषय पुढे गेलेली असे. कुणी हसत नसे. ते हसले असते तर बरे, असे वाटावे इतकी ती माणसे सभ्य होती.

पावाच्या दुकानात मात्र जरा दिलासा मिळाला. जपानी लोक पावाला 'पान' म्हणतात. त्यांचा 'पान' आणि आपला 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दिलेले. सोळाव्या शतकात एकाच लोकांची गलबते आमच्या खाडीत आणि त्यांच्या बंदरात ये-जा करीत होती. नागासाकीचा प्रसिद्ध कास्तेला केक त्याच काळातला. आमच्या आजीला तो नक्की आवडला असता. दातांची गरज नाही.

रविवारी मी उराकामीच्या कॅथीड्रलमध्ये मिस्साला जाई. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी पडलेल्या अणुबॉम्बने जुने मंदिर कोसळले. आजची इमारत १९५९ सालची. मिस्सा जपानीत असली तरी कुठे उभे राहायचे, कुठे गुडघे टेकायचे हे शरीराला ठाऊक असते. डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका पुढच्या बाकांवर बसत. त्यांच्या मागे बसले की आठवड्यात त्या एका तासापुरते मला आपण परके नाही असे वाटे.

आमचे मार्गदर्शक प्राध्यापक प्रादेशिक इतिहास शिकवीत. नागासाकी आणि आमाकुसा परिसरातील गुप्त ख्रिस्ती लोकांची स्थळे जागतिक वारसा यादीत जावीत यासाठी तेव्हा प्रयत्न चालू होते (३० जून २०१८ रोजी, मी तिथे असतानाच, ती यादीत आली) आणि म्हणून त्या सत्राचा विषयही तोच होता. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले, मारले गेले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्या लोकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. आपल्यातल्याच एकाने पोरांना बाप्तिस्मा द्यायचा आणि प्रार्थना तोंडी शिकवायच्या, कारण कागद सापडला तर जीव जाईल. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीची काही माणसे ओउरा येथील नव्या चर्चमध्ये शिरली आणि फादर पेतिजाँ या फ्रेंच धर्मगुरूंना हळूच विचारती झाली, की सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ही हकिगत आपल्यापैकी पुष्कळांनी प्रवचनात ऐकली असेल.

नोव्हेंबरमध्ये एके दिवशी प्राध्यापकांनी एक ध्वनिमुद्रण लावले. इकित्सुकी बेटावर काही घराण्यांनी बंदी उठल्यानंतरही पूर्वजांची रीत सोडली नव्हती. त्यांच्या प्रार्थनेला 'ओराशो' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. अर्थ न कळता पिढ्यान्‌पिढ्या घोकलेल्या त्या प्रार्थनांतले लॅटिन जपानी जिभेवर झिजून पार गुळगुळीत झाले आहे. 'ग्लोरिओझा'चे 'गुरुरियोझा' झाले आहे. खोलीत म्हाताऱ्या माणसांचे घोगरे, एकसुरी गुणगुणणे सुरू झाले आणि मी मोठ्याने हसलो.

सगळी मान वळवून माझ्याकडे पाहू लागली. माझे कान तापले. प्राध्यापकांनी शांतपणे कारण विचारले. माझ्याजवळ जेवढे जपानी होते तेवढ्यात मी म्हणालो, "माझी आजी. अगदी अशीच." पुढचे शब्द मला आले नाहीत.

पुढचे शब्द मराठीतही सोपे नव्हते. आमच्या क्रुसापाशी मे महिन्यात जी लादीन होई, ती आजी चालवीत असे. मिस्सा लॅटिनमध्ये होती त्या काळात कानांनी टिपलेली ती संतांची नामावळी. प्रत्येक नावानंतर 'ओरापनोबी'. नावेही तशीच, कुणाचे शेपूट तुटलेले, कुणाला भलतेच डोके लागलेले. मी चौदा वर्षांचा वेदीसेवक होतो, पुस्तकात शुद्ध शब्द वाचले होते. एका संध्याकाळी साऱ्या आळीसमोर मी तिला थांबवून सुधारले, आणि पोरे खदखदून हसली, मीही हसलो. आजी काही बोलली नाही. लादीन त्यानंतर दुसऱ्या एका मावशींनी चालवली. मी जवळ असलो की आजीचे नुसते ओठ हलत.

प्राध्यापक म्हणाले, आजींचा आवाज मुद्रित करून आणता येईल का? वर्गाला ऐकवू. त्या रात्री मी घरी फोन केला. तिथे नऊ वाजले होते, म्हणजे वसईत साडेपाच. बाबांनी फोन आजीच्या कानाला लावला. "म्हणून दाखव ना लादीन," मी म्हणालो.

"तू हसशील."

"नाही हसणार, आजी. इथे माझ्या सरांना ऐकायची आहे."

तिने सुरुवात केली. आवाज कापत होता. पाचसहा नावे झाली असतील नसतील तोच ती थांबली आणि म्हणाली, "पुरे, तुझं बिल चढेल." या फोनला पैसे पडत नाहीत हे तिला कधीच पटले नाही. मी ते मुद्रित केले नव्हते. नाताळात करू असे ठरवले. नाताळात खानावळीत गर्दी होती, जानेवारीत निबंध होते.

३ फेब्रुवारी २०१८ रोजी सकाळी बाबांचा फोन आला. आजी झोपेतच गेली होती. तिकिटाचे पैसे नव्हते आणि सत्राच्या परीक्षा चालू होत्या. बाबा म्हणाले, येऊ नकोस. आणि मी गेलो नाही. अंत्यविधी चालला असेल त्या वेळी मी भांडी घासत होतो. मालकाला सांगितले असते तर त्याने घरी पाठवले असते. 'आजी वारली' याला जपानी शब्द मला येत होते, पण मी सांगितले नाही.

५ तारखेला सकाळी वर्गाआधी मी निशिझाका टेकडीवर गेलो. रेल्वे स्थानकापासून थोडाच चढ आहे. फुनाकोशी या शिल्पकाराने १९६२ साली केलेल्या सव्वीस मूर्ती तिथे एका रांगेत आहेत: सहा फ्रान्सिस्कन मिशनरी, तीन जपानी येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक, सर्वांत लहान लुई अवघा बारा वर्षांचा. गोन्सालो फ्रान्सिस्कन बंधू होते, धर्मगुरू नव्हते. त्यांचे भांडवल म्हणजे त्यांना जपानी चांगले येत असे. हिदेयोशीपुढे मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून तेच उभे राहिले होते. ही गोष्ट शाळेत अनेकदा ऐकली होती, पण भाषा येणे म्हणजे काय हे चार महिन्यांच्या मुकेपणानंतर मला कळत होते.

वारा फार होता. पहिली मेणबत्ती विझली. दुसरी हाताच्या आडोशाने कशीबशी पेटली. मी आजीची लादीन म्हणू लागलो, तिच्याच चुकांसह. पाचसहा नावांपर्यंत आलो. पुढची शुद्ध नावे मला पाठ होती. तिची येत नव्हती.

सप्टेंबरमध्ये मी घरी परतलो. ज्या मावशी आता लादीन चालवतात त्यांच्याकडे जाऊन मी ती म्हणवून घेतली आणि या खेपेला पहिल्यापासून शेवटपर्यंत मुद्रितही केली. मावशींनी आनंदाने म्हटली. त्यांच्याही चुका पुष्कळ होत्या, पण त्या आजीच्या नव्हत्या.