नेड स्टार्क खोटं बोलतोय!

माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा लिहिताना गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी १९९६ची. त्यावरची टीव्ही मालिकाही येऊन गेली, संपली. म्हणजे मी आज जे ओरडून सांगणार आहे ते निम्म्या जगाला केव्हाचं ठाऊक आहे. असेना! मी मालिका पाहिलेली नव्हती, पुस्तक आत्ता कुठे हातावेगळं केलं होतं, आणि भाचीनं सहज विचारलं, ‘‘मावशी, जॉन स्नोची आई कोण असेल गं?’’ झालं. रात्रीचा वरणभात तसाच राहिला आणि मी पुस्तक पहिल्यापासून उघडून बसले.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेड स्टार्क हा विंटरफेलचा सरदार. सचोटीचा इतका, की पहिल्या वाचनात मला त्याचा चक्क कंटाळा आला होता. या माणसाचा आयुष्यात एकदाच पाय घसरला म्हणे: लढाईवर गेला आणि येताना एक अनौरस पोर घेऊन आला. तोच जॉन. त्याच्या आईबद्दल अवाक्षर नाही. कॅटलिननं, म्हणजे बायकोनं, एकदा विषय काढला, तर असा काही बोलला की साऱ्या संसारात तेवढी एकदाच तिला नवऱ्याची भीती वाटली.

आणि वाचकांनी लावलेला तर्क काय? जॉन नेडचा मुलगाच नाही, भाचा आहे! नेडची बहीण लियाना आणि युवराज ऱ्हेगर टार्गेरियन यांचा मुलगा. ऱ्हेगरनं लियानाला पळवून नेलं, वेड्या राजानं तिच्या बापाला आणि भावाला मारलं, त्यातून बंड पेटलं, एवढंच आपल्याला पुस्तकात उघड सांगितलेलं असतं.

पुरावा हवा? नेडच्या नजरेतून येणाऱ्या प्रकरणांपैकी दहावं काढा. पाय मोडलेला नेड गुंगीत जुनं स्वप्न पाहतोय. डॉर्नच्या लाल डोंगरातला एक एकाकी बुरुज. इकडून नेडसह सात जण, समोर तिघे: आर्थर डेन, ऑसवेल व्हेंट आणि जेरॉल्ड हायटॉवर. तिघेही राजाच्या खास अंगरक्षक दलातले, हायटॉवर तर त्या दलाचा प्रमुख. युद्ध कधीच संपलंय. राजा मेला, ऱ्हेगर ट्रायडंटच्या लढाईत नेडच्या मित्राच्या, बंडखोर रॉबर्टच्या हातून पडला, ऱ्हेगरचा तान्हा मुलगाही मारला गेला. मग हे तिघे त्या माळावर कशाला उभे आहेत? राजाचा धाकटा मुलगा व्हिसेरिस ड्रॅगनस्टोनला पळालाय, नेड ते बोलूनही दाखवतो. राजाला राखायची शपथ घेतलेली माणसं तिकडे धावायला हवीत की नकोत? ती ढिम्म हलत नाहीत! तिथेच लढून मरतात. अहो, ज्याला राखायचं तो राजाच बुरुजात होता, दुसरं काय! आणि राजा म्हणजे लग्नाचं मूल. ऱ्हेगरला आधीची बायको होती खरी, पण टार्गेरियन घराण्यात दोन बायकांचा पायंडा होताच. पहिल्या एगॉनच्या दोन राण्या होत्या.

काही जण विला नावाच्या दाईला जॉनची आई ठरवतात. मला नाही पटत. दाईच्या पोरासाठी असले तीन योद्धे जीव देत नाहीत.

आता गुलाब बघा. हॅरनहॉलच्या स्पर्धेत ऱ्हेगर स्वतःच्या बायकोला ओलांडून पुढे गेला आणि निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाला दिला. ती तापानं फणफणून मरते तेव्हा तिच्या मुठीतून वाळून काळ्या पडलेल्या गुलाबपाकळ्या सांडतात, खोलीला रक्ताचा वास असतो, आणि ती भावाकडून वचन मागत असते. (बाळंतपण! हे मला पहिल्या वेळी दिसलं कसं नाही?) १९९८च्या दुसऱ्या खंडात ऱ्हेगरच्या बहिणीला, डिनेरिसला दृष्टांत होतो, बर्फाच्या भिंतीच्या फटीत उमललेलं निळं फूल. आणि जॉन कुठे आहे? बर्फाच्याच भिंतीवर! इथे मी खुर्चीतून उठून घरभर फिरले.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका साध्या जागेनं. रॉबर्टची अनौरस तान्ही मुलगी पाहून कुंटणखान्यातून परतताना नेडच्या मनात येतं, ऱ्हेगर अशा ठिकाणी जात असेल का? आणि त्याला वाटतं, नसावा. ज्यानं बहीण पळवली, त्याच्याबद्दल हा विचार! राग नाही, द्वेष नाही. रॉबर्ट मात्र ऱ्हेगरचं नाव निघताच पेटतो. नेडला काहीतरी माहीत आहे, जे रॉबर्टला कधीच सांगता येणार नाही, कारण टार्गेरियन रक्ताचं मूल हाती लागलं तर रॉबर्ट ते जिवंत ठेवणार नाही.

म्हणून मला हा तर्क जॉनचा वाटतच नाही, नेडचा वाटतो. त्यानं स्वतःची अब्रू गहाण टाकली, बायकोला वर्षानुवर्षं डिवचत राहणारं दुःख दिलं, जिवाभावाच्या मित्राशी खोटं बोलला. आणि मी त्याला कंटाळवाणा म्हणत होते! कर्णाचा जन्म आपल्याला आधीच माहीत असतो, कुंतीचं मौन आपण जाणतेपणी बघतो. इथे लेखकानं आपल्यालाही फसवणुकीत सामील करून घेतलंय. नेडच्या डोक्यात बसूनही तो आपल्याला कळू देत नाही.

मालिका करायची परवानगी मागायला बेनिऑफ आणि वाइस गेले, तेव्हा मार्टिननी त्यांना हाच प्रश्न टाकला होता: जॉनची आई कोण? त्यांचा अंदाज बरोबर आला. मालिकेनं जून २०१६मध्ये उत्तर पडद्यावर दाखवून टाकलं. पुस्तकांत मात्र २०११च्या पाचव्या खंडापर्यंत कुणी ते स्पष्ट उच्चारलेलं नाही, आणि मला तेच आवडलं.

तुम्ही पहिला खंड वाचला असेल तर बाकी सगळं सोडा, नेडची १५ प्रकरणं तेवढी सलग वाचा. वाचला नसेल तर माफ करा, मी सगळं फोडलंय, तरीही वाचा.