जुन्या गोव्यात, पायी

प्रबोधनकाळाचे नाव घेतले की डोळ्यांपुढे फ्लॉरेन्स उभे राहते. ब्रुनेलेस्कीने 1436 साली पूर्ण केलेला तो प्रचंड घुमट, आल्बर्तीची प्रमाणबद्ध दर्शनी भिंत, मेदिची घराण्याचे वाडे. सेमिनरीच्या ग्रंथालयातील एका जाड चित्रग्रंथाच्या आधारे आम्ही त्या नगरीच्या गल्ल्यांतून कित्येक संध्याकाळी हिंडलो आहोत. प्रत्यक्ष जाण्याचा योग आला नाही. आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर त्याची फारशी हुरहूरही उरलेली नाही. कारण फ्लॉरेन्सच्या कारागिरांच्या हातचे काम आपल्याच देशात आहे आणि ते पाहण्यास पारपत्र लागत नाही.

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही धर्मग्रामातील सतरा माणसे घेऊन जुन्या गोव्यास गेलो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दर्शनसोहळा 5 जानेवारीला संपला होता व गर्दी ओसरली होती. आमचा बुलडाणा जिल्ह्यातील धर्मग्राम लहान. कापूस, सोयाबीन, मजुरी आणि थोडीफार नोकरी यांवर जगणारा. मलकापूरला गाडीत बसतानाच आम्ही मंडळींना एक अट घातली होती : देवळे गाडीतून उतरून-चढून पाहायची नाहीत, नदीपासून टेकडीपर्यंत सगळे पायी पाहायचे. पायी चालणाऱ्यालाच दोन इमारतींमधील अंतर कळते, आणि नगर म्हणजे बहुतांशी ते अंतरच असते.

मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. आज दिसते ती 1954 साली पुन्हा बांधलेली. नदीच्या बाजूने वास्कोचा पुतळा आहे. दुसऱ्या बाजूस एक शस्त्रधारी स्त्री असून तिच्या पायाखाली एक पुरुष पडलेला आहे. आमच्याबरोबरच्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “फादर, तो खाली पडलेला माणूस कोण?”

“जिंकला गेलेला,” आम्ही म्हणालो.

“म्हणजे आपल्याकडचा?”

आम्ही हो म्हणालो. दुसरे काय सांगणार? ज्या जहाजांनी शुभवर्तमान आणले त्याच जहाजांनी तोफाही आणल्या. येथेच 1560 पासून धर्मन्यायासन बसले आणि येथूनच 1684 साली लोकांनी आपली भाषा सोडावी असे फर्मान निघाले. ख्रिस्ती कुटुंबांनी हे इतरांकडून ऐकण्यापेक्षा आपल्या धर्मगुरूकडून ऐकावे, असे आमचे मत आहे. ती मुलगी कमानीखालून जाताना पुन्हा एकदा मान वळवून वर पाहत होती.

कमानीपासून थोडे वर चढले की संत काजेतान यांचे देऊळ. इटलीहून आलेल्या थिएटाइन संघाच्या धर्मगुरूंनी ते सतराव्या शतकात बांधले. रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून, अर्थातच लहान आकारात. आत घुमटाखाली उभे राहिल्यावर आमची मंडळी आपोआप गप्प झाली. येथे भव्यतेपेक्षा प्रमाणाचा परिणाम होतो. खांबाची जाडी, त्याची उंची आणि कमानीचा पल्ला यांचे एकमेकांशी नाते ठरलेले असते. प्रबोधनकाळाच्या वास्तुकारांनी प्राचीन रोमच्या अवशेषांना दोऱ्या लावून हे नाते पुन्हा शोधून काढले. शेजारीच आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट एकाकी उभी आहे. तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या देवळावर पत्रे आहेत आणि दर्शनी भिंत पडायला आली आहे. नवी भिंत बांधण्यासाठी गेली चार वर्षे कुटुंबाकुटुंबांतून पैसा जमतो आहे. आमच्या समितीतील ज्येष्ठ सदस्य, निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी, यांनी सिमेंटचे चार खांब आणि त्यांवर साच्यातून काढलेली पानाफुलांची शीर्षे असा आराखडा करून घेतला होता. साच्यासाठी इसारही दिला होता. संत काजेतानच्या देवळात गुरुजी प्रत्येक स्तंभशीर्षाचे छायाचित्र घेत होते. “असंच पाहिजे, फादर,” ते म्हणाले. “आपली पोरं शहरात जातात, मोठी देवळं पाहतात. आपलं देऊळ पाहून त्यांची मान खाली जाऊ नये.” हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गरिबाला साधेपणाचा उपदेश करणे फार सोपे असते.

से कॅथेड्रल आम्ही लवकर पाहिले. 1562 साली सुरू झालेले हे काम 1619 पर्यंत चालले. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 साली कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही, त्यामुळे आता त्या भिंतीचा तोल एका अंगाला गेला आहे. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या देवळात जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर पाय पडू नये म्हणून आमच्या बायका कडेकडेने चालल्या.

मग रस्ता ओलांडून बॉम जेझुस. 1594 साली पायाभरणी आणि 1605 साली अभिषेक. म्हणजे आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजाला 1598 साली लखुजीराव जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, तेव्हा या भिंती चढत होत्या. हे ऐकल्यावर मंडळींच्या चेहऱ्यांवर काही उजळले. चार मजली दर्शनी भिंत, वरच्या मजल्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणे. असल्याच गुंडाळ्या आल्बर्तीने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेलावर योजल्या, पुढे रोममध्ये येशूसंघाच्या जेझू देवळाने त्या उचलल्या.

आमच्याबरोबर धर्मग्रामातील एक गवंडी होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. ते गुंडाळ्या पाहत नव्हते. त्यांनी दाराजवळच्या खांबावर तळहात ठेवला, नखाने टोकरले आणि म्हणाले, “फादर, हा तं आपलाच काया दगड. हा इकडं कसा आला?”

त्यांचे बरोबर होते. भिंत लाल जांभ्याची आहे, पण जांभ्यात बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून खांबांसाठी आणि नक्षीसाठी काळा दगड आणवला गेला तो वसईहून. लोणारचे विवर ज्या काळ्या कातळात उल्केच्या आघाताने पडले, तोच हा दख्खनचा कातळ. नमुना रोमचा, दगड मराठी मुलुखाचा आणि छिन्नी धरणारे हात इथले. मिस्त्रींनी मग जांभ्याकडे पाहिले. या भिंतीवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुकार बाल्ताझार कास्त्रो याने तो काढून टाकला. दगड उघडा दिसावा, इमारत प्राचीन वाटावी, ही हौस. तेव्हापासून पाऊस तो दगड खातो आहे. मिस्त्री म्हणाले, “असल्या दगडाच्या आंगावर कपडा पायजेच. यानं त्याले उघडं पाडलं.” या विषयावर पुष्कळ चर्चा झाल्या आहेत, इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आत संतांची समाधी. तोस्कानाचा अधिपती कोझिमो तिसरा, मेदिची घराण्यातला, याला संतांच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाली होती. तिच्या परतफेडीसाठी त्याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून संगमरवर आणि रंगीबेरंगी दगडांचा चौथरा करून घेतला. त्याचे सुटे भाग जहाजाने आले. बरोबर आलेल्या प्लाचिदो राम्पोनी या कारागिराने 1698 साली ते येथे जोडले. चार बाजूंना ब्राँझचे चार फलक आहेत. एकावर सांचियान बेटावरील संतांचा मृत्यू आहे. काटेकोर अभ्यासक हे काम बरोक काळातले म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण दगड कापून जडवण्याची ही विद्या मेदिचींच्या कार्यशाळेत प्रबोधनकाळापासून जोपासलेली होती.

या चौथऱ्याच्या शिखरावर मात्र फ्लॉरेन्स नाही. तेथे चांदीची पेटी आहे. तिच्यावर संतचरित्राचे 32 प्रसंग कोरलेले, आणि ती 1636-37 साली गोव्याच्या चांदीकारांनी घडवलेली. चौथरा आला तेव्हा पेटी साठ वर्षांची जुनी होती. राजाश्रय लाभलेल्या शिल्पकाराने आपले काम तिच्या खाली राहील असे मांडले. आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो.

बाहेर सावलीत बसून आम्ही मंडळींना फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी सांगितले. हा इंग्रज 1575 साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाला. जेझू देवळाचे बांधकाम तेव्हा त्या शहरात चालू होते. 1579 साली तो गोव्यास आला आणि आयुष्याची चाळीस वर्षे येथेच राहिला. रोम पाहिलेल्या या माणसाने ख्रिस्तपुराण रचताना लॅटिन महाकाव्याचा साचा घेतला नाही. आपल्या संतांची ओवी घेतली. सुमारे अकरा हजार ओव्या. 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापल्या गेल्या. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही; पण हस्तलिखितांतून ग्रंथ टिकला.

गुरुजी ऐकत होते. मग म्हणाले, “फादर, तुमचा रोख कळला. पण या देवळानंही रोमची नक्कलच केली ना? मग आम्हीच का करू नये?”

हा प्रश्न चांगला होता. नक्कल करण्यास आमची हरकत नाही, असे आम्ही म्हणालो. फक्त ती कशाची करायची हे ठरवावे. पानाफुलांच्या शीर्षाची, की दोरी लावून प्रमाण काढण्याची? काळा दगड आमच्या दाराशी आहे. चुना मळणारे मिस्त्री आमच्याच बाकावर बसतात. गुरुजींचे समाधान झाले नाही. “लोक म्हणतील पैसे कमी पडले,” एवढेच ते बोलले.

उन्हे कलली तेव्हा आम्ही टेकडीवर संत ऑगस्टिन यांच्या भग्न देवळापाशी पोचलो. 1835 साली ते ओस पडले, 1842 साली छत कोसळले आणि 1931 साली दर्शनी भिंतीसह मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला अर्धा सुमारे 46 मीटर उंच उभा आहे. त्याची घंटा आता पणजीच्या देवळात वाजते. मुले पडक्या भिंतींवरील रंगीत फरशा मोजत होती. मिस्त्रींनी पिशवीतून ओळंबा काढला (हा माणूस तीर्थयात्रेलाही ओळंबा घेऊन निघाला होता) आणि एका पडक्या भिंतीशी धरून ती अजून किती सरळ आहे ते आम्हाला दाखवले. गुरुजीही वाकून पाहत होते.

परतल्यावर समितीची बैठक झाली, दोन तास चालली आणि पुढे ढकलली गेली. मिस्त्रींनी लोणारच्या बाजूला काळ्या दगडाचा भाव काढून आणला आहे. गुरुजींनी साच्याचा इसार अजून परत मागितलेला नाही. मात्र आराखड्यातील खांबांची संख्या चारावरून दोनावर आणली आहे.